सुरीने ठरवलेलं चित्र
प्रस्तावना

जपानी चित्रकार हिरोशिगेच्या एका चित्रात सर कोसळते आहे. चित्र १८५७ सालचं, ‘एदोची (म्हणजे आजच्या टोकियोची) शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या त्याच्या अखेरच्या मोठ्या मालिकेतलं. सुमिदा नदीवर शिन-ओहाशी नावाचा लाकडी पूल आहे. पाऊस न सांगता आलाय. कुणी छत्रीखाली दाटीवाटीने चाललेत, कुणी डोक्यावर चटई ओढून पळतोय. खाली नदीत एकटा माणूस लाकडांचा तराफा ढकलत निघालाय. पलीकडचा काठ करड्या रंगात विरघळलेला, आणि वर कागदाच्या अगदी कडेला काळा ढग.

या चित्रातला पाऊस म्हणजे केसाइतक्या बारीक, सरळ रेषा. दुरून सगळ्या एकाच दिशेने पडताना दिसतात. चित्र नाकाजवळ आणलं की कळतं, रेषांचे दोन थर आहेत. दोन वेगवेगळ्या लाकडी ठशांवरून ते एकावर एक छापलेले आहेत आणि दोन्ही थरांचा कल जरासा वेगळा आहे. जिथे रेषा एकमेकींना छेदतात तिथे नजर ठरत नाही, आणि स्थिर कागदावर पाऊस हलू लागतो. हे दोन थर कसे तयार झाले असतील, याचा थोडा विचार करा. चित्रकाराने हाच पाऊस कुंचल्याने काढला असता तर रेषा ओढल्या असत्या. कोरणाऱ्याला ती सोय नाही. उठावाच्या ठशावर छापायची रेषा लाकडात उभी राहावी लागते, म्हणून त्याने पाऊस सोडून बाकी सगळं लाकूड काढून टाकलंय. दोन रेषांमधली प्रत्येक फट सुरीने कापून, पटाशीने उकरून मोकळी केली आहे. वरचा ढग मात्र कुणी कोरलेलाच नाही. तिथे ठसा सपाट आहे. छापणाऱ्याने दर वेळी ओल्या लाकडावर शाई हाताने फिकी करत नेली आहे, त्यामुळे एकाच आवृत्तीतल्या दोन प्रतींतला ढगसुद्धा तंतोतंत सारखा नसतो.

जपानी ठसाचित्रांपासून प्रेरणा घेऊन काम करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकासाठी हे पुस्तक आहे, आणि ते मी मुद्दाम या पावसापासून सुरू करतोय. बहुतेकांची सुरुवात होकुसाईच्या लाटेपासून होते. मग फुजी पर्वत, चेरीचा बहर, किमोनोतली बाई आणि कोपऱ्यात एक लाल शिक्का. आकार उचलणं सोपं असतं, म्हणून ते आधी उचलले जातात. पण या परंपरेत घेण्यासारखं जे सगळ्यात मोलाचं आहे ते आकारांत नाही. चित्रातली प्रत्येक रेषा एकदा लाकडातून आणि सुरीतून जाते, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा लागतो, आणि या दोन अटींमुळे चित्रकाराला सतत ठरवावं लागतं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं. ती ठरवण्याची शिस्त अंगी आली तर तुमच्या चित्रात जपान कुठेही दिसला नाही तरी चालेल. ती आली नाही तर दहा फुजी काढूनही हाती फक्त सजावट उरेल.

म्हणून आधी कामाची रीत समजून घ्यायला हवी.

आज आपण ‘होकुसाईचं चित्र’ म्हणतो तेव्हा निदान चौघांचं काम पाहत असतो. प्रकाशक पैसा घालायचा, विषय सुचवायचा आणि विक्री सांभाळायचा. चित्रकार रेखाटन करायचा. कोरणारा ते लाकडात उतरवायचा. छापणारा रंग चढवायचा. चित्रकाराचं अंतिम रेखाटन अगदी पातळ कागदावर, फक्त काळ्या रेषेत असे. तो कागद पालथा करून जंगली चेरीच्या गुळगुळीत फळीवर खळीने चिकटवायचा. मागचे कागदाचे थर बोटांनी हळूहळू चोळून काढायचे, म्हणजे रेषा उलटी पण स्वच्छ दिसू लागते. मग त्या कागदासकट लाकूड कापायचं. ठसा तयार होईपर्यंत मूळ रेखाटन भुशात गेलेलं असतं. ज्या चित्रांवर जग जीव टाकतं त्यांची ‘मूळ प्रत’ बहुतेक वेळा अस्तित्वातच नसते, कारण ठसा जन्मायला ती नष्ट व्हावी लागते. जी अंतिम रेखाटनं आज संग्रहालयांत सापडतात, ती प्रामुख्याने कोरण्यापर्यंत न पोचलेली.

कोरणाऱ्यांमध्येही पायऱ्या होत्या. शिकाऊ माणूस मोकळ्या जागा उकरायचा. कपड्यांच्या घड्या, झाडं, घरं ही मधल्या अनुभवाची कामं. चेहरा आणि केस मात्र उस्तादाकडे. कपाळावर, कानशिलाजवळ जिथे केस कातडीतून उगवतात, तिथे एका मिलिमीटरच्या अंतरात दोन-तीन केस उभे ठेवावे लागत. उतामारोच्या बायकांचे चेहरे जवळून पाहा. चेहऱ्यावर छाया नाही, गोलाई नाही, नाक एका रेषेचं. चेहरा जिवंत वाटतो तो त्या केसांच्या कडेमुळे. हा हात यायला दहा-दहा वर्षांची उमेदवारी लागायची.

काळ्या रेषेचा मुख्य ठसा झाला की त्यावरून काही प्रती छापून चित्रकाराकडे परत जायच्या. तो एकेका प्रतीवर एकेका रंगाची जागा दाखवायचा, आणि त्यानुसार पुढचे ठसे कोरले जायचे. आता प्रश्न येतो जुळवणीचा. दहा ठशांवरून दहा वेळा छापलेला कागद दर वेळी त्याच जागी बसायला हवा, नाहीतर ओठांचा लाल गालावर जाईल. यावरचा जपानी उपाय इतका साधा आहे की मला तो या सगळ्या कलेतला सर्वांत देखणा शोध वाटतो. प्रत्येक ठशाच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच ठेवायची, आणि त्याच कडेवर थोड्या अंतरावर एक सरळ खाच. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत टेकवायचा, कड दुसरीत टेकवायची आणि कागद खाली सोडायचा. ना यंत्र, ना टाचण्या. या खुणेला ‘केन्तो’ म्हणतात. ती मुख्य ठशाबरोबरच कोरली जाते आणि त्याच्या प्रतींवरूनच रंगांच्या ठशांवर जाते, म्हणून ती चित्राचाच भाग असते. कागद ओला असल्याने फुगतो, लाकूडही हवेप्रमाणे सरकतं. तेव्हा छापणारा खाच केसभर तासतो किंवा तिच्यात बारीक कपची भरतो. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण केन्तोवर आहे. ते कंटाळवाणं वाटलं तरी गाळू नका.

छपाईला दाबयंत्र नसतं. पाण्यात कालवलेला रंग ठशावर टाकायचा, सोबत तांदळाच्या खळीचा थेंब, आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने दोन्ही एकजीव करत पसरायचे. खळ कमी पडली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी उठतो, जास्त झाली तर कागद चिकटतो. कागदाला सरस आणि तुरटीचं पाणी आधीच लावलेलं असतं, म्हणजे रंग फुटत नाही. तो ओलसर कागद ठशावर ठेवून पाठीवरून ‘बारेन’ने घासायचं. बारेन म्हणजे हाताच्या पंज्यात मावेल अशी चकती. आत बांबूच्या सालपटाच्या दोरीची गुंडाळी, बाहेर बांबूच्याच पानोळ्याचं वेष्टण. दोरीच्या गाठींमुळे दाब असंख्य बारीक बिंदूंतून उतरतो आणि रंग कागदावर न बसता त्याच्या तंतूंत शिरतो. जुन्या जपानी चित्रातला निळा कागदाच्या आतून आल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे आहे. तैलरंगात किंवा छापखान्यातल्या शाईत हे मिळत नाही. संगणकाच्या पडद्यावर तर त्याचा मागमूसही नसतो.

ही रीत आकाशातून पडली नाही. १७६५ च्या सुमारास एदोतले हौशी, पैसेवाले लोक नववर्षाला एकमेकांना चित्ररूप दिनदर्शिका देऊ लागले. जपानी चांद्र-सौर पंचांगात कोणते महिने तीस दिवसांचे आणि कोणते एकोणतीसचे हे दर वर्षी बदलायचं, आणि दिनदर्शिका छापायचा हक्क मोजक्यांनाच होता. म्हणून महिन्यांचे आकडे चित्रात लपवले जात. सुझुकी हारुनोबूच्या एका चित्रात अवचित पावसाने धांदल उडालेली मुलगी दोरीवरचा किमोनो काढायला धावते आहे, आणि वाळत घातलेल्या त्या किमोनोच्या नक्षीत वर्ष आणि महिने दडले आहेत. या हौशी लोकांना चांगला कागद आणि जास्त ठसे परवडत होते. त्यांच्या चढाओढीतून पूर्ण रंगीत छपाई उभी राहिली आणि प्रकाशकांनी ती लगेच बाजारात आणली. पुढे ही चित्रं नूडल्सच्या एका वाडग्याच्या किमतीच्या आसपास मिळू लागली. नट, कुस्तीगीर, गणिका, प्रवासाची ठिकाणं असे विषय असत. लोक ती घ्यायचे, भिंतीला लावायचे, मुलं ती फाडायची. आपण काचेमागे ठेवलेल्या या वस्तू स्वस्त होत्या, आणि त्या स्वस्त ठेवायच्या म्हणून ठसे कमी ठेवावे लागत. काटकसर या चित्रांच्या सौंदर्याच्या मुळाशी आहे. एका ठशाची सावली दुसऱ्या रंगावर पाडून तिसरा रंग मिळवायचा, कोऱ्या कागदाला बर्फ म्हणून वापरायचं, या युक्त्या तिथून आल्या.

‘शुद्ध जपानी’ असा शब्द या विषयात फार ऐकू येतो. त्याबद्दल सावध राहायला हवं. होकुसाईच्या लाटेतला निळा हा बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेला प्रशियन निळा. तो आधी डच व्यापाऱ्यांकडून नागासाकीला येत होता. १८३० च्या आसपास स्वस्तात मिळू लागला तेव्हा प्रकाशकांनी त्याच्यावर झडप घातली. त्याआधीचे वनस्पतीजन्य निळे उन्हात, ओलीत उडून जात. हा टिकत होता, आणि फिक्यापासून गडदपर्यंत सहज ताणता येत होता. ‘फुजीची छत्तीस दृश्यं’ ही मालिका या रंगाच्या जोरावर उभी आहे. ती इतकी खपली की आणखी दहा चित्रं जोडून संख्या ४६ वर गेली. लाटेच्या चित्रात फुजी क्षितिजाजवळ इवलासा दिसतो, ती जवळ-दूरची जाणीव होकुसाई पाश्चात्त्य दृश्यरेखनाकडे पाहूनही शिकला होता. तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावरचा तो म्हातारा परका रंग आणि परकं दृश्यरेखन घेऊन आपलं चित्र करत होता. आपण त्याच्याकडून घेताना संकोच करायचं कारण नाही. पण त्याने जसं घेतलं तसं आपण घेतो का, एवढं स्वतःला विचारावं.

जपानबाहेर हे कसकसं घेतलं गेलं याचा इतिहास मोठा आहे. व्हिस्लर, मोने, तुलूज-लोत्रेक ही नावं सगळ्यांना माहीत असतात. मी इथे फक्त दोघांपाशी थांबतो, कारण त्या दोघांत शिकणाऱ्याला उपयोगी पडेल असा फरक आहे.

पहिला व्हॅन गॉग. त्याने आणि भाऊ थिओने मिळून शेकडो जपानी चित्रं जमवली होती. तो संग्रह आज अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये त्याने हिरोशिगेची दोन चित्रं तैलरंगात उतरवली. एक कामेइदोची बहरलेली प्लमची बाग, आणि दुसरं हेच पुलावरच्या पावसाचं. बागेचं चित्र त्याने कागदावर रेखून, चौकटी आखून कॅनव्हासवर वाढवलं. दोन्ही चित्रांना रुंद किनार काढली आणि तिच्यात इतर चित्रांवरून उचललेली जपानी अक्षरं भरली. त्याच्या त्या पावसासमोर हिरोशिगेचा पाऊस ठेवला की लगेच कळतं काय निसटलं. कुंचल्याच्या रंगाला जाडी आहे, ओघळ आहे, नदी खळाळते आहे. दोन ठशांच्या रेषांतली ती कोरडी, नेमकी थरथर मात्र नाही. नक्कल म्हणून ती अपुरी आहेत. त्या नकला करून त्याची नजर बदलली, हे मात्र खरं. दुसऱ्या वर्षी आर्लमध्ये काढलेल्या त्याच्या चित्रांत सपाट रंगांचे मोठे तुकडे, कापल्यासारखी कड आणि वर सरकलेलं क्षितिज येतं, आणि तिथे किनारीही नाहीत, अक्षरंही नाहीत. नक्कल करावी, जरूर करावी. पण ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे, हात बसवण्यासाठी.

दुसरी मेरी कसाट. माझ्या मते जपानी ठसाचित्रांना परदेशातून मिळालेलं सर्वांत समंजस उत्तर तिचं आहे. १८९० च्या वसंतात पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये जपानी चित्रांचं फार मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते पाहून तिने दहा रंगीत मुद्राचित्रांचा संच हाती घेतला आणि १८९१ मध्ये तो दाखवला. प्रत्येकाच्या फक्त २५ प्रती. त्यात लाकूड कुठेच नाही. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओढलेली रेषा, अॅक्वाटिंटने दिलेला दाणा, आणि पत्र्यावर हाताने चिंधीने भरलेले रंग. किमोनो नाही, पंखा नाही. एक बाई बसून पाकीट चाटून बंद करते आहे. दुसऱ्या चित्रात शिंपीण गिऱ्हाइकाच्या झग्याची कड नीट करायला गुडघ्यावर बसली आहे. आणखी एकात आई बाळाला न्हाऊ घालायला टबाजवळ वाकली आहे. पाकिटाच्या चित्रात पहा. बाईच्या झग्यावरची फुलं आणि मागच्या भिंतीवरच्या कागदाची फुलं एकाच पातळीवर येतात, मेजाचा पृष्ठभाग तिरका उभा राहतो, चेहऱ्यावर छाया नाही, सगळा जोर एका रेषेवर. उतामारोची बाई आरशासमोर बसायची. कसाटने तो एकांत पॅरिसच्या घरातल्या मेजाशी आणून बसवला. तिने पद्धतीच्या अटी ओळखल्या, त्या आपल्या तांब्यावर लादल्या, आणि विषय आपल्या खोलीतून घेतला. या पुस्तकाच्या सुरुवातीच्या सरावांना मी हाच नमुना धरला आहे.

काही जण प्रत्यक्ष जाऊन शिकले. प्रागचा एमिल ओर्लिक १९०० मध्ये जपानला गेला आणि तिथे चित्रकार, कोरणारा, छापणारा अशी तीन चित्रांची माळ करून तीन कारागिरांना त्याने त्यांच्याच पद्धतीत उभं केलं. इंग्लंडमध्ये फ्रँक मॉर्ली फ्लेचरने पाण्याच्या रंगांची ही छपाई शिकवली आणि १९१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, ते अजूनही उपयोगाचं आहे.

जपानमध्येही ही परंपरा एका जागी थांबली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे दोन वाटा फुटल्या. वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने जुनी चौघांची व्यवस्था टिकवून नवे चित्रकार आणले. कावासे हासुईची बर्फातली देवळं, रात्रीची पावसाळी गल्ली ही त्याच घरातली. दुसऱ्या वाटेवरच्यांना ही वाटणी मान्य नव्हती. यामामोतो कानाएने १९०४ मध्ये एका मच्छीमाराचं चित्र स्वतः काढलं, स्वतः कोरलं, स्वतः छापलं, आणि या तिन्ही गोष्टी एकाच हाताने व्हाव्यात असा आग्रह तिथून सुरू झाला. हासुई मला मनापासून आवडतो. तरी शिकणाऱ्याने त्याच्यामागे लगेच लागू नये. त्याच्या चित्रातली संध्याकाळ ही कसलेल्या छापणाऱ्यांच्या हाताची किमया आहे. एकट्या माणसाने घरात ती करायला गेलं तर रंग गढूळ होतात आणि माणूस हिरमुसतो.

त्यापेक्षा मुनाकाता शिकोकडे जावं. हा आओमोरीच्या लोहाराचा मुलगा. तरुणपणी ‘शिराकाबा’ नावाच्या मासिकात त्याने व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची छापील प्रत पाहिली आणि आपण व्हॅन गॉग होणार असं ठरवून टाकलं. हिरोशिगेकडून व्हॅन गॉगने घेतलं, आणि व्हॅन गॉगकडून एका जपानी पोराने. तैलरंगात धडपडून शेवटी तो लाकडाकडे वळला. दृष्टी इतकी अधू की चष्मा फळीला टेकेल इतकं वाकून तो झपाट्याने कोरायचा. १९३९ मध्ये त्याने बुद्धाचे दहा शिष्य आणि दोन बोधिसत्त्व कोरले. शारिपुत्र, मौद्गल्यायन, महाकाश्यप ही सगळी आपल्या ओळखीची नावं. काळा आणि पांढरा, एवढेच दोन रंग. १९५६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्याला मुद्राचित्रणाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच्या कामात हिरोशिगेची नजाकत शोधू नका, ती नाही. लाकडाचं ऐकायचं आणि मिळालेल्या अटींतच जोर शोधायचा, ही गोष्ट दोघांत सारखी आहे.

आपल्या मातीशी या कहाणीचा एक धागा आहे, आणि तो फार कमी जणांना ठाऊक आहे. चार्ल्स बार्टलेट हा इंग्रज चित्रकार भारत फिरून जपानला पोचला आणि १९१६ मध्ये वातानाबेने त्याच्या भारतीय दृश्यांची ठसाचित्रं काढली. त्याहून मोठं काम योशिदा हिरोशीचं. १९३० च्या अखेरीस तो मुलासह भारतात आला आणि परत जाऊन १९३१ पासून भारत व आग्नेय आशियाची मालिका केली. त्यात ताजमहाल आहे, बनारसचे घाट आहेत, कांचनगंगा आहे, आणि आपलं वेरूळ व अजिंठाही आहे. योशिदाने स्वतःची कार्यशाळा काढून कोरणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना आपल्या देखरेखीखाली आणलं होतं. एकच ठशांचा संच वेगळ्या रंगांत छापून तो एकाच दृश्याची सकाळ, दुपार, रात्र करायचा. १९२६ च्या शिडाच्या होड्या आणि पुढे ताजमहाल हे त्याचे नमुने. सह्याद्रीचा काळा दगड जपानी ठशावर कसा बसतो हे पाहायचं असेल तर त्याच्या लेण्यांच्या चित्रांकडे जावं. दगडाचा अंधार त्याने सपाट काळ्याने भरलेला नाही. पारदर्शक करडे थर एकावर एक चढवून तो खोल केला आहे. आपल्याकडे मुद्राचित्रणाचे विद्यार्थी लेणी काढतात तेव्हा काळी शाई ओततात. त्यांनी योशिदाकडे एकदा नीट पाहावं असं मला फार वाटतं.

आता साहित्याबद्दल, कारण पहिला प्रश्न तोच असतो. जंगली चेरीची फळी इथे मिळणार नाही, आणि तिच्यावाचून अडणारही नाही. सागावर बारीक रेषा टिकत नाही, त्याचा दाणा उघडा आहे. मला शिवणीचं लाकूड मानवलं. एकसारख्या पोताचं, फार कडक नाही, आणि सुतार ओळखतो. सुरुवातीला चांगल्या प्रतीचा बारीक थरांचा प्लाय पुरेसा आहे. हत्यारांवर मात्र पैसे वाचवू नका. एक तिरकी सुरी, दोन गोल पटाश्या, एक सपाट, आणि त्यांना रोज धार लावायला बारीक निसणा. बोथट सुरी लाकूड कापत नाही, चिरडते. चिरडलेली कड ओल्या रंगात फुगते आणि मग दोष रंगाला दिला जातो. ब्रश म्हणून घोड्याच्या केसांचा बुटांचा ब्रश कडा घासून मऊ केला की चालतो. बारेनच्या जागी पहिले काही महिने लाकडी चमच्याची पाठ.

कागदाला पर्याय शोधणं अवघड. जपानी कागद झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा असतो, म्हणून पातळ असूनही दहा वेळा ओला होऊन घासणं सोसतो. आपला सुती चिंध्यांचा हातकागद सुंदर आहे, पण त्याचे तंतू आखूड. घासल्यावर त्याचा वरचा थर उसवतो. नेपाळचा लोकता कागद सालीचाच, त्यामुळे जवळचा. त्याला सरस आणि तुरटीचं पाणी स्वतः लावून घ्यावं लागतं. प्रमाण चुकलं की कागद ठिसूळ होतो, म्हणून त्याची कृती पुढे सविस्तर दिली आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी ओलसर कागदांची गठ्ठी एका रात्रीहून जास्त ठेवू नये, बुरशी धरते. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट अडचण. ठशावर रंग पसरेपर्यंत सुकायला लागतो, तेव्हा खळ थोडी सैल करावी आणि काम पहाटे उरकावं.

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. चित्राच्या कोपऱ्यात न समजणारी जपानी अक्षरं काढू नका आणि खोटा लाल शिक्का मारू नका. जुन्या चित्रांतल्या त्या चौकटींत चित्रकाराचं, प्रकाशकाचं, कधी कोरणाऱ्याचं नाव असे. सरकारी तपासणीची मोहरही असे. ती माणसांची आणि कामाची नोंद होती. तुम्ही नोंद करायची तर देवनागरीत तुमचं नाव घाला, आणि फळी रंधून देणाऱ्या सुताराचं किंवा छपाईला हात लावणाऱ्या मित्राचंही घाला. हिरोशिगेच्या चित्राची सरावासाठी प्रत केली असेल तर तेही कागदावर लिहा. तसंच, छायाचित्राला संगणकातून गाळून ‘जपानी शैली’ चढवता येते, तिचा मोह टाळावा. त्यात काय सोडायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं, म्हणून ती चित्रं कितीही गुळगुळीत दिसली तरी मुकी राहतात.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे. आधी फक्त काळी रेषा, मग रेषा आणि एक रंग, मग दोन रंगांची जुळवणी, आणि त्यानंतर फिका-गडद करत नेण्याची रीत. पहिल्या सरावासाठी विषय घरातलाच घ्या, म्हणजे खिडकीतली कुंडी, दोरीवरचे कपडे, ओट्यावरची तपेली. रेखाटन झालं की त्यातल्या निम्म्या रेषा खोडा आणि मगच कागद लाकडावर चिकटवा. उरलेल्या रेषांपैकी कोणती कोरायला जड जाते ते वहीत लिहून ठेवा, कारण दुसऱ्या प्रकरणातला पहिला धडा त्याच रेषेपासून सुरू होतो.